वकिलाचा नियोक्ता कोण?

कोल्हापुरात कामगार न्यायालयात वकिली करता करता मी सरकारी कामगार अधिकारी झालो. त्यात परीक्षा आणि मुलाखत हा सुखाचा भाग होता. खरा घोळ घातला तो अनुभव प्रमाणपत्राच्या नमुन्याने. छाननी जिथे झाली त्या कार्यालयाचे नाव लिहीत नाही. तिथल्या नमुन्यात 'नियोक्त्याचे नाव, शिक्का व स्वाक्षरी' असा रकाना होता आणि तो मोकळा असलेला अर्ज पुढच्या टेबलावर जातच नव्हता. स्वतंत्र वकिली करणाऱ्याला नियोक्ता नसतो, पक्षकार असतात, असे मी सांगे; त्यावर "वकीलसाहेब, पगारपत्रक तरी जोडा," असा सल्ला मिळे. ज्येष्ठ वकिलांचे पत्र नेले, तर ते 'आस्थापना' नाहीत. वकील संघटनेचे नेले, तर त्यात कामाचे स्वरूप नाही. निर्णय घेणारे साहेब आधी रजेवर, मग दौऱ्यावर.

माझा संताप जास्तच होता, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधील कंत्राटी कामगारांसाठी मी हेच भांडण भांडत आलो होतो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम २५-ब प्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्याचे कामगाराने दाखवायचे आणि हजेरीपत्रक मात्र मालकाच्या कपाटात. मग पीएफचा उतारा, ईएसआयचे कार्ड, गेटपास असे मिळतील ते कागद जोडून आम्ही नोकरी सिद्ध करत असू. शेवटी तोच मार्ग मी स्वतःसाठी धरला. प्रत्येक वर्षातील एकेका प्रकरणाचे वकीलपत्र, माझी हजेरी नोंदलेला रोजनामा आणि निकालपत्र यांच्या प्रमाणित नकला वर्षवार लावून दिल्या आणि सोबतच्या अर्जात लिहिले, की हा पुरावा अमान्य असल्यास तो कोणत्या नियमान्वये, हे लेखी कळवावे. लेखी उत्तर कधीच आले नाही. अर्ज मात्र हलला. त्या एका वाक्याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

म्हणून नकला प्रकरण चालू असतानाच काढून ठेवाव्यात. निकाली कागद अभिलेख कक्षात गेल्यावर ते हाती लागायला वेळ जातो. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक घ्यावा, हे खरे तर आधीच सांगायला हवे होते. चालू दाव्यांतील कामगारांना दुसरा वकील मिळवून द्यावा आणि नव्या वकीलपत्रावर ना हरकत लिहून द्यावी. मालक-कामगार वाद तडजोडीने मिटवण्याच्या ज्या समेट कार्यवाहीत १९४७ च्या त्याच कायद्याचे कलम ३६(३) वकिलाला पक्षकारातर्फे उभे राहू देत नसे, तिथे समेट अधिकारी म्हणून बसण्याची मौज नंतरची. त्याआधी सनदेचे, म्हणजे वकिलीच्या परवान्याचे, काम उरकावे लागते. पगारी सरकारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही, म्हणून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनद स्थगितीचा अर्ज करून मूळ सनद जमा करावी लागते. जमा करण्यापूर्वी तिच्या भरपूर साक्षांकित प्रती काढाव्यात. मी रुजू झाल्यावर त्याच छाननीच्या टेबलाने मूळ सनद पुन्हा मागितली होती.