केप इव्हान्सच्या तबेल्यात गुलाब आणि प्यारी

न्यूझीलंडचं ब्लफ बंदर सोडून आठवडा उलटून गेला होता. रबरी बोटीतून उतरले आणि अंटार्क्टिकातल्या केप इव्हान्सच्या काळ्याभोर ज्वालामुखी रेतीवर पाय टेकला, तेव्हा समोर दोनच गोष्टी दिसल्या. वर एरेबस ज्वालामुखीच्या तोंडातून निघणारा पांढरा धूर, आणि खाली पाण्यापासून हाकेच्या अंतरावर उन्हावाऱ्याने करडं पडलेलं लाकडी घर. १९११ साली दक्षिण ध्रुव गाठायला निघालेल्या कॅप्टन स्कॉटच्या टेरा नोव्हा मोहिमेने बांधलेलं.

आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. बुटांच्या तळव्यातला एकेक खडा ब्रशने काढून घेतला, टोपी हातात धरली आणि दार ओलांडलं. पहिल्यांदा जाणवला तो वास. सीलची चरबी, काजळी, जुनं चामडं आणि त्या सगळ्याच्या खाली वाळलेल्या चाऱ्याचा. माझं बालपण माथेरानचं. तिथे गाड्यांना बंदी, सगळं ओझं घोड्यांच्या पाठीवर. तो शेवटचा वास मला कुणी सांगायला नको होता.

घर सुमारे पन्नास फूट लांब आणि पंचवीस फूट रुंद. भिंतींच्या दोन फळ्यांमध्ये समुद्री शेवाळाच्या गोधड्या भरून थंडी अडवलेली. पहिल्या हिवाळ्यात इथे पंचवीस माणसं राहिली. सामानाच्या खोक्यांची आडभिंत रचून अधिकारी एका बाजूला आणि खलाशी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणीही केली होती. फोटोग्राफर पाँटिंगची अंधारखोली, फळ्यांवर डब्यांच्या रांगा, टेबलावर एक एम्परर पेंग्विन. एका बंकाशेजारच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेली मेलेल्या तिघांची नावं आहेत. ती १९१६ सालची. शॅकल्टनच्या नंतरच्या मोहिमेतल्या दहा जणांचं जहाज इथूनच वाऱ्याने वाहून गेलं आणि ते मागे अडकले, त्यांच्यापैकी एकाने लिहिलेली. त्या जहाजाचा नांगर अजून किनाऱ्यावर रुतून बसला आहे.

मी मात्र दोन बंक शोधत होते. बॉवर्सचा आणि ओट्सचा. बॉवर्स हा रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी, म्हणजे ज्या दलाचं मुख्यालय मुंबईत होतं त्यातला. ओट्स घोडदळातला, महूच्या छावणीतून आलेला. दोघेही हिंदुस्थानातून स्कॉटबरोबर या बर्फात आलेले. दोघांचे बंक एकाच कोपऱ्यात आहेत. तिथे मी नुसतीच उभी राहिले. काय पाहायचं हे ठरवता येईना.

मग तबेला. घराच्या उत्तर अंगाला टेकून बांधलेला, लांबट आणि अंधारा. लाकडी खण तसेच आहेत. बर्फात खूर रुतू नयेत म्हणून केलेले गोल जोडे, चाऱ्याच्या गासड्या. एका जागी साखळीत अडकलेला कुत्र्याचा सांगाडा आहे. तिथे माझ्याने फार वेळ थांबवलं नाही.

पहिल्या वर्षी इथे मांचुरियाची तट्टं होती. ओट्सने ती पाहिली तेव्हाच त्याचं मन खट्टू झालं होतं. पुढच्या वर्षासाठी हिंदुस्थानातली खेचरं मागवावीत, ही सूचना त्याचीच. आपल्या इथल्या लष्करी वाहतुकीत तयार झालेली सात खेचरं १९१२ च्या सुरुवातीला टेरा नोव्हा जहाजातून इथे उतरली. बर्फाची तिरीप लागू नये म्हणून त्यांच्यासाठी खास चष्मेही आणले होते. त्यांची नावं अशी: लाल खान, गुलाब, बेगम, राणी, अब्दुल्ला, प्यारी, खानसाहेब.

ओट्सला ती कधीच दिसली नाहीत. तो नोव्हेंबर १९११ मध्ये स्कॉटबरोबर दक्षिणेला गेला होता. १७ जानेवारी १९१२ ला स्कॉट, ओट्स, बॉवर्स धरून पाच जण दक्षिण ध्रुवावर पोचले, तेव्हा नॉर्वेच्या अमुंडसेनचा तंबू तिथे महिनाभर आधीच उभा होता. परतीच्या वाटेवर मार्चमध्ये ओट्स स्वतःहून वादळात बाहेर पडला.

आणि ऑक्टोबर १९१२ च्या अखेरीस याच खणांतून ही सात जनावरं बाहेर काढली, बर्फावरच्या घसरगाड्या जोडल्या आणि बेपत्ता माणसांच्या शोधाला निघाली. १२ नोव्हेंबरला, इथून दोनशे किलोमीटरच्याही पलीकडे, बर्फात अर्धा गाडलेला तंबू दिसला. तो पहिल्यांदा पाहिला खेचरांबरोबरच्या तुकडीनेच. आत स्कॉट आणि त्याचे सोबती विल्सन आणि बॉवर्स, तिघेही मेलेले. या मोहिमेची गोष्ट सांगताना माणसांची नावं सगळे घेतात. मला वाटतं, गुलाब आणि प्यारीचं नावही तिथेच, त्याच श्वासात घ्यायला हवं. ओझं वाहणारं जनावर कधी अडतं, कधी कान पाडतं, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. हिमालयाच्या पायथ्याचं जनावर त्या सपाट पांढऱ्या मैदानावर काय पाहत चाललं असेल?

केप इव्हान्सला येण्याआधी दोन दिवस आम्ही हट पॉइंटला होतो. स्कॉटचं पहिलं, १९०२ चं घर तिथे आहे. ऑस्ट्रेलियातून आणलेलं, व्हरांड्याचं, आणि म्हणूनच राहायला इतकं थंड की माणसं जहाजावरच झोपत. त्याच्या पाठीशी अमेरिकेचं मॅकमर्डो स्थानक: इंधनाच्या टाक्या, ट्रक, उन्हाळ्यात हजारभर माणसांची वर्दळ. टेकडीपलीकडे न्यूझीलंडचं हिरवं स्कॉट बेस. शास्त्रज्ञांशी बोलायला मिळालं, तेही आवडलं. पण मन लागलं ते या तबेल्यात.

आमच्याबरोबरच्या न्यूझीलंडच्या मार्गदर्शक बाईंना मी नावं म्हणून दाखवली. त्या इतकी वर्षं ‘पायरी’ म्हणत होत्या. मी सांगितलं, प्यारी, म्हणजे लाडकी. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, मग गुलाबचा अर्थ विचारला आणि वहीत लिहून घेतला. तेवढ्यात वायरलेसवर आवाज आला, वारा वाढतोय, बोटीत चला. दाराबाहेर येऊन आम्ही दोघींनी पुन्हा बूट झटकायला घेतले.