मोझेलची तयारी, नोंद चौथी : अकरा वायनऱ्यांवरून पाचांवर

मागच्या नोंदीत जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या वाईन-सहलीसाठी चार दिवस आणि अकरा वायनऱ्या असा तक्ता मांडला होता. तो रद्द केला. आता तीन दिवसांत पाच आहेत.

फेब्रुवारीत वहिनी आणि मी ठाण्याहून सकाळची तपोवन पकडून नाशिकला रंगीत तालीम करून आलो. एका दिवसात तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा नमुने, प्रत्येक घोट थुंकायचा आणि टिपण तिथल्या तिथे लिहायचं, असा नियम ठेवला होता. घरी येऊन वही वाचली. पहिल्या ठिकाणच्या टिपणांत कच्चा पेरू, लिंबाची साल, ओली माती असं पानभर आहे. दुसऱ्या ठिकाणी ओळी निम्म्यावर आल्या. तिसऱ्या ठिकाणी सहापैकी चार वाईन्सपुढे फक्त "आंबट, बरी" एवढंच. घोट थुंकला तरी आम्ल जिभेवर साठत जातं. मोझेलच्या रीसलिंगमध्ये, म्हणजे तिथल्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाईनमध्ये, तर आम्ल हाच कणा आहे. त्यामुळे दिवसाला दोनच ठिकाणं, आणि दोन्हींच्या मध्ये जेवण आणि चालणं किंवा सायकल.

दुसरी चूक नकाशाची होती. मोझेल इतकी वळणं घेते की दोन गावांमधलं अंतर डोळ्यांनी मोजताच येत नाही. ट्राबेन-ट्रारबाखहून बर्नकास्टेल डोंगर ओलांडून चालत गेलं तर जेमतेम सात किलोमीटर, नदीकाठाने मात्र चोवीस. मी सरळ रेघा ओढून वेळा बसवल्या होत्या. आता सगळं काठाकाठाने मोजलंय. एक सोय आहे, काठाचा सायकलमार्ग जवळजवळ सपाट आहे. १९६४ साली मोठ्या बोटींसाठी नदीवर बंधारे आणि बोटी चढवायचे-उतरवायचे जलपाश बांधून झाले, तेव्हापासून पाणी पायऱ्या-पायऱ्यांनी संथ उतरतं. दर रविवारी मी ट्रान्सहार्बरने नेरूळला भावाकडे जाते आणि पहाटे वहिनी नि मी पाम बीच रोडवर वाशीपर्यंत जाऊन परत येतो. सुरुवातीला वहिनींचा गुडघा बोलायचा, आता वीस किलोमीटरनंतरही त्या गप्पा मारत असतात. चढाची सवय मात्र येऊरलाच करावी लागणार.

तारखांवर सगळ्यात जास्त डोकं लावलं. मे महिना सोपा पडला असता, हवा छान असते आणि द्राक्षवाल्यांना बोलायला वेळ असतो. पण वहिनी दिंडोरीच्या, माहेरची द्राक्षबाग. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "अगं, पेले इथेही मिळतात. मला वेलीवरचा माल बघायचाय." रीसलिंग उशिरा पिकते, तिची तोड बहुतेक ऑक्टोबरात चालते. आपल्याकडे गणपती उरकल्याशिवाय घराबाहेर पडणं नाही, आणि २०२६मध्ये घटस्थापना ११ ऑक्टोबरला आहे, त्या दिवशी वहिनी घरी हव्यातच. मी आधी २ तारखेला पोहोचायचं धरलं होतं. मग लक्षात आलं की ३ ऑक्टोबर हा जर्मनीचा एकीकरण दिन, राष्ट्रीय सुट्टी, आणि तो शनिवारी येतोय. दुसऱ्या दिवशी रविवार. दोन दिवस लागोपाठ दुकानं बंद. म्हणून ५ ऑक्टोबरला सोमवारी उतरायचं, मंगळ-बुध-गुरू चव घ्यायची, शुक्रवारी फ्रँकफर्टहून परत. यात ट्रियर हे जुनं रोमन शहर गेलं. रोमन दरवाजा बघायची माझी फार इच्छा होती, पण अर्धा दिवस तिथे घातला की एक वायनरी घाईत उरकावी लागते.

मुक्काम एकाच गावात, ट्राबेन-ट्रारबाखला. बर्नकास्टेल जास्त देखणं आहे, पण तिथे आज रेल्वे नाही. जुन्या रेल्वेमार्गाची वाट आता सायकलींसाठी आहे, आणि विट्लिश स्टेशनहून बसने जावं लागतं. ट्राबेनला मात्र बुलायहून छोटी गाडी थेट येते. कोब्लेंझहून येताना डाव्या खिडकीशी बसायचं, कोखेमपर्यंत नदी त्याच बाजूला असते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ट्राबेन-ट्रारबाख हे वाईनच्या व्यापाराचं मोठं ठाणं होतं, गावाखाली त्या काळची तळघरं अजून आहेत. संध्याकाळी पायी फिरण्यासारखं गाव आहे.

मंगळवारी सकाळी सायकलने वेलेनला. तिथल्या मळ्याचं नाव 'सोनेनउअर', म्हणजे छायाघड्याळ. १८४२ साली कामकऱ्यांना वेळ कळावी म्हणून उतारावरच्या खडकावर ते घड्याळ बसवलं, म्हणून मळ्यालाही तेच नाव. बर्नकास्टेलला जेवून परत यायचं, सायकली परत करायच्या, आणि मगच ट्राबेनमधली दुसरी चव. हा क्रम मुद्दाम लावलाय. तिकडे मोटार चालवणाऱ्याला रक्तातल्या मद्याची ०.५ प्रति हजार ही मर्यादा आहे. सायकलवाल्यासाठी १.६ असली, तरी ०.३च्या पुढे सायकल वेडीवाकडी चालली तरी गुन्हा होतो. मला तो हिशेबच करायचा नाही.

बुधवारी ऊर्त्सिग आणि एर्डन. हा माझा दिवस. मधल्या मोझेलवर बहुतेक ठिकाणी निळसर-करडी पाटी आहे, आपल्या जुन्या पाटी-पेन्सिलीतल्या पाटीसारखा दगड. ऊर्त्सिगच्या 'व्युर्त्सगार्टन'मध्ये मात्र माती लाल आहे, लोह आणि ज्वालामुखीच्या दगडाची. नावाचा अर्थच मसाल्यांची बाग. पाटी दिवसभर ऊन धरून ठेवते आणि रात्री वेलीला देते, म्हणून इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं. या दोन मातींतला फरक मला एकाच दिवशी, एकाच वर्षाच्या वाईनमध्ये चाखायचाय.

गुरुवारी ब्रेमचा काल्मोंट, युरोपातल्या सगळ्यात उभ्या मळ्यांपैकी एक, काही ठिकाणी उतार साठ अंशांच्या पुढे. तिथल्या शिड्या-साखळ्यांच्या वाटेने आम्ही जाणार नाही, समोरच्या काठावरून बघू. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. बरंचसं काम हातानेच, आणि माल उतरवायला एका रुळावरची छोटी गाडी असते.

घरची तयारीही चालू आहे. लेबल वाचणं आता जमतं. आधी गावाचं नाव, त्याला 'एर' लागतो, मग मळा. पुढे काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे ही तोडीच्या वेळच्या द्राक्षातल्या साखरेची चढती पायरी. ती पेल्यातल्या गोडीची नाही, हे समजायला मला दोन बाटल्या लागल्या. पेल्यात गोडी नको असेल तर 'ट्रोकन' शब्द शोधायचा. गेल्या शनिवारी मामलेदारची मिसळ घरी आणून तिच्याबरोबर ट्रोकन आणि काबिनेट दोन्ही लावून बघितल्या. ट्रोकनबरोबर तिखट आणखी भडकलं. काबिनेटमध्ये साडेआठ टक्के मद्य आणि थोडी गोडी होती. जिभेवरचं तिखट शांत झालं आणि मागून आंबा-संत्र्यासारखा वास वर आला. तिखट जेवणारा गट असेल तर हे नक्की करून बघा.

बाटल्यांचा हिशेब : परतताना माणशी दोन लिटर करमाफ. ७५० मिलीच्या दोन झाल्या की दीड लिटर होतं, तिसरी बसत नाही. पण ३७५ची अर्धी बाटली बसते, आणि आउसलेझेसारख्या गोड वाईन्स अर्ध्या बाटलीत पुष्कळ वेळा मिळतात. दोघींच्या मिळून चार मोठ्या, दोन छोट्या. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, फी ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा.

छोटे द्राक्षवाले आधी वेळ ठरवल्याशिवाय भेटतीलच असं नाही, तोडीच्या दिवसांत तर नाहीच. पाच ठिकाणी पत्र पाठवलं, जर्मनमध्ये, चार ओळींचं : आम्ही दोघी, या दिवशी, या वेळेला, तोडीत अडचण होणार असेल तर नका देऊ वेळ. तिघांचं उत्तर आलं. एकाने बुधवारी चारची वेळ दिली आणि विचारलं, तुम्हाला खास काय बघायचंय?

हे मी वहिनींना वाचून दाखवलं. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, वर्षातून दोनदा कात्री. तिकडे थंडीत वेल झोपलेली असताना एकदाच. शिवाय तिथे पारंपरिक पद्धतीत मंडप नाही, तार नाही. प्रत्येक वेलीला स्वतःचा एक खांब, आणि दोन काड्या वाकवून पत्त्यांतल्या बदामासारख्या बांधतात. वहिनींनी माझ्या हातातून वही घेतली आणि प्रश्न लिहून दिला. तो जर्मनमध्ये करून आज रात्री पाठवतेय : एका काडीवर डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, किती ठेवता, आणि पाऊस लांबला तर ते कमी करता का?