४३ फूट हा आमच्या गल्लीचा आकडा नाही

जुलैत कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच, "किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. शाळेतल्या पोरांनाही हे पाठ असतं. पण नुसत्या या आकड्यांवर विसंबून राहणं आमच्यासारख्यांना परवडत नाही.

आमचं घर कुंभाराचं. शाडूच्या गणपतींचं काम आणि महापूर, दोन्ही एकाच महिन्यात येतात. मी रंगकाम आणि डोळ्यांची आखणी करते, त्यामुळे कुठली मूर्ती किती सुकली आहे हे मला हात लावल्याबरोबर कळतं. ओली मूर्ती हलवली की सोंडेच्या वळणावर नाहीतर मनगटाला तडा जातो. रंगवलेली हलवली की बोटांचे टवके उडतात. म्हणून "पाऊस दिसला की सगळा माल वर न्या" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. उगाच हलवण्यातही नुकसान आहे, टेम्पोचं भाडं आहे, वाया गेलेले दिवस आहेत. आणि थांबलो तर? कच्च्या शाडूला पाणी लागलं की मूर्तीचा चिखल होतो. मग त्यात वाचवण्यासारखं काहीच राहत नाही.

नदी आमच्याकडे घाटावरून येत नाही. ती जयंती नाल्यातून, मागच्या दारानं येते. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, तुंबतं आणि उलटं फिरतं. रस्ता कोरडा असतो, वर ऊनही पडलेलं असतं, आणि परसातल्या चेंबरमधून गुडगुड आवाज यायला लागतो. मोरीतून झुरळं बाहेर पडतात. मामंजी म्हणायचे, "घाटावर काय बघतीस? मोरी बघ." माझ्या लेखी बंधाऱ्यावरच्या आकड्याइतकीच ही खूण मोलाची आहे.

शहरातल्या उन्हावर तर अजिबात जाऊ नये. पाऊस गगनबावड्याकडं पडतो, राधानगरीत पडतो. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी तो घेऊन खाली येतात. राधानगरी धरण रिकामं असेल तर बराच पाऊस त्यात सामावतो. तेच धरण भरलेलं असेल तर त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. पाऊस तेवढाच, पण धोका वेगळा. म्हणून जुलैच्या मध्यापासून धरण किती भरलं हे मी आधी बघते, फूट नंतर.

त्याहून महत्त्वाचा चढण्याचा वेग. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी दिवसेंदिवस चढत ५५ फुटांच्या वर गेलं. चतुर्थी २ सप्टेंबरला होती, बराचसा माल सुकून रंगाला आला होता, म्हणजे उचलता येत होता. २०२१ ला जुलैतच, दोन-तीन दिवसांत, नदी ५६ फुटांवर गेली. तेव्हा चतुर्थी १० सप्टेंबरला, त्यामुळे फळ्यांवर बहुतेक सगळं ओलं होतं. विचार करायला वेळच नव्हता. त्या वर्षी गल्लीत जे गेलं त्याचं दुःख मी अजून विसरलेले नाही. कुणाचं कर्ज बुडालं, कुणाचा सगळा हंगाम.

तेव्हापासून आम्ही कामाचा क्रमच बदलला. मोठ्या मूर्ती उन्हाळ्यातच काढतो, म्हणजे पावसाआधी त्या खडखडीत सुकतात. जुलैत फक्त लहान मूर्ती, त्याही एकट्या बाईला फळीसकट उचलता येतील एवढ्याच. तळमजल्यावर फळीची खालची रांग आता रिकामी ठेवतो. बोर्ड आणि बटणं छातीच्या वर घेतली आहेत.

हलवायचं कधी, हेही आधीच ठरलेलं असतं, कारण पाणी दारात आल्यावर घरात सगळ्यांचेच आवाज चढतात. धरण भरलेलं असेल आणि पाणी तासाला दोन-चार इंच चढत असेल, तर ३९ च्या आधीच टेम्पो बोलावतो. धरणात जागा असेल आणि पाणी रेंगाळत चढत असेल तर ४१ पर्यंत थांबतो, आणि तेवढ्या वेळात ओल्या मूर्तींखाली पंखे लावतो. मात्र चेंबर बोललं, की आकडा काहीही असो, आधी मेन स्विच बंद आणि म्हातारी माणसं, पोरं नातेवाइकांकडे. तिथं हिशेब करायचा नाही.

शेजारच्या एका काकूंना हे फार वाटतं. "दरवर्षी कुठं येतंय पाणी?" म्हणतात. खरंय, दरवर्षी येत नाही. काही वर्षी आमचं टेम्पोचं भाडं फुकट जातं आणि दोन-चार मूर्तींची बोटं पुन्हा जोडावी लागतात. ती मी बसून जोडते. यंदा त्यांचीही खालची रांग रिकामी करून घ्यायची आहे, जूनच्या आत.