नकाशा उघडून बसलो होतो आज

आज दिवसभर एका मित्राच्या कॉन्सर्टच्या तिकिटांची एक्सेल शीट बघत बसलो, कुठल्या पिनकोडवरून किती बुकिंग आलंय ते, आणि खरं सांगू, मला वाटायचं मोठी लोकसंख्या म्हणजे हॉल आपोआप भरणार, पण तसं काही नसतं हो! जवळचं भलंमोठं शहर मधे घाट आणि शेवटची गाडी लवकर म्हणून जवळपास कोरडं, आणि दूरचं छोटं गाव थेट रेल्वे आहे म्हणून ग्रुपने येतंय. माणसं किलोमीटर मोजतच नाहीत, रात्री घरी कसं परत जायचं एवढंच बघतात.

मग आठवलं, मार्च 2024 मधे अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टने सिंगापूरला 6 शो केले, देशाची लोकसंख्या जेमतेम 60 लाखांच्या आसपास, पण आख्ख्या आग्नेय आशियात तेवढाच एक थांबा, म्हणून फिलिपिन्स, थायलंडहून लोक विमानाने आले. उलट ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं पर्थ बघा, 20 लाखांच्या वर वस्ती, तरी त्याच टूरमधे ऑस्ट्रेलियात फक्त मेलबर्न आणि सिडनी. कारण बहुधा हेच, स्टेजचे ट्रक घेऊन वाळवंट ओलांडायचं, हजारो किलोमीटर, आणि पुन्हा मागे, वाटेत अ‍ॅडलेड सोडलं तर दुसरा शो लावायला मोठं शहर नाही. कोण करणार?

मित्र म्हणतोय पोस्टर वाढवू. मी म्हटलं पोस्टर राहू दे, शो एक तास आधी सुरू कर. तर गायक तयार नाहीये 😅