लांडग्यांना कंठ फुटला

रात्रीची भांडी घासताना मी कानात इयरफोन खुपसून ब्लॅक मेटल, म्हणजे किंकाळ्यांचं नि भडिमाराचं रॉक संगीत, ऐकतो. घरचे माझ्या वयाकडे बघून गप्प बसतात.

ठरलेला बँड म्हणजे उल्वर. १९९३ साली नॉर्वेतल्या ओस्लोत जमलेली पोरं. नावाचा अर्थ ‘लांडगे’. १९९५च्या पहिल्या अल्बमचं नाव ‘बर्गटाट’, म्हणजे डोंगराने ओढून नेलेला. तिकडच्या लोककथांत डोंगरात राहणारे माणसाला भुलवून आत घेऊन जातात. आपल्या कोकणातला चकवा निदान पहाटे सोडतो. तिथे म्हणे चर्चची घंटा वाजवावी लागते. या अल्बममध्ये ड्रमचा भडिमार आणि किंकाळ्या आहेतच, पण मधेच सगळं ओसरतं आणि देवघरात म्हणावं तसं संथ, पदरावर पदर चढवलेलं गाणं सुरू होतं. एका जागी तर नुसती जंगलातली पावलं. तिथे मी नळ बंद करतो.

किंचाळणारा आणि गाणारा एकच, क्रिस्टोफर रिग. तेव्हा त्याने विशीही गाठलेली नव्हती.

पुढच्या वर्षी त्यांनी विजेच्या गिटारी ठेवूनच दिल्या: साध्या गिटारी, चेलो, समूहस्वर. १९९७ला उलटी उडी. डासांचं मोहोळ कानात शिरावं असं कर्कश, खरखरीत ध्वनिमुद्रण. ते म्हणे जंगलात केलं आणि कंपनीचे पैसे गाडी नि सुटांवर उडवले. दंतकथाच ती, पण शोभते. १९९८ला विल्यम ब्लेक या जुन्या इंग्रज कवीचे शब्द आणि यंत्रांचे ठोके, २०००च्या ‘पर्डिशन सिटी’त शहरातली रात्र आणि सॅक्सोफोन. जुने चाहते चिडले. चिडोत बापडे. २०१७चा ज्युलियस सीझरच्या खुनावरून नाव घेतलेला अल्बम तर चक्क पाय थिरकवणारा पॉप!

मुलांचा आवाज एकदाच फुटतो, यांचा दर दोन-चार वर्षांनी, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

परवा तो २०१७चा अल्बम स्पीकरवर लावला होता. बायको पोळ्या लाटताना म्हणाली, “हे बरंय.” काल मी भांड्यांपाशी ‘बर्गटाट’ ऐकत होतो, तर तिने माझा एक इयरफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. नेमकं ते संथ गाणं चालू होतं.

“हा परवाचाच ना?” ती म्हणाली.

“हो.”

पुढच्याच क्षणी किंकाळी आली आणि इयरफोन सिंकमध्ये पडला.