मी नाही म्हणालो

सकाळी बाबांचा शेताचा उतारा काढायला गेलो, सगळा कन्नडात, बाबांनी तो डोळ्याजवळ धरला आणि गप घडी घालून खिशात ठेवला. ते काय मनातून जाईना. संध्याकाळी बेळगावात खानापूर रोडला चहाला बसलो तर मित्र म्हणतोय आपल्या सीमाभागाला वेगळी निवडून आलेली प्रादेशिक सभा पाहिजे, त्यासाठी मतदान घ्या. मी सरळ नाही म्हटलं. अरे 2012 ला इथं सुवर्ण विधानसौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत झाली, हिवाळी अधिवेशन भरतंय, पण बाबांच्या हातात मराठी कागद आला काय? अजून एक सभा, अजून मेंबर, त्यांचे पगार गाड्या, आणि कायदा करायचा हक्क बेंगळुरूलाच!

इंग्लंडच्या ईशान्य भागात 4 नोव्हेंबर 2004 ला अशाच सभेसाठी सार्वमत झालं, विरोधकांनी फुगवलेला पांढरा हत्ती गावोगाव फिरवला आणि जवळपास 78 टक्के लोकांनी नाही म्हटलं. त्याच 2004 ला आपला सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. 1956 पासून मागतोय ते महाराष्ट्रात जायचं, मधलीच एक सभा घेऊन गप बसायला नव्हे गड्या. मित्र रागानं उठून गेला, चहा तसाच राहिला. उद्या त्याच्या घरी जाऊन परत बोलणार आहे.