मोतीबिंदूची चीर कुठे द्यायची? माझ्या दोन डोळ्यांचा अनुभव

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की जो तो एकच विचारतो: लेन्स कुठली टाकणार? मीही डॉक्टरांना पहिल्यांदा तेच विचारलं. त्यांनी हातातला कागद माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "लेन्सचं बघूच काकू, आधी चीर कुठे द्यायची ते ठरू दे."

तो कागद केरॅटोमेट्रीचा होता. डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग म्हणजे कॉर्निया. त्याचा बाक कुठल्या दिशेला किती आहे, हे त्यात मोजलेलं असतं. माझ्या उजव्या डोळ्यात उभ्या रेषेत 43.50 आणि आडव्या रेषेत 44.25 डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्या एककात मोजतात तेच हे). म्हणजे आडवा बाक पाऊण डायॉप्टरने जास्त. डाव्या डोळ्यात हाच फरक 1.75. हा फरक म्हणजेच अ‍ॅस्टिग्मॅटिझम, चष्म्याच्या कागदावर ज्याला आपण सिलिंड्रिकल नंबर म्हणतो तो.

पण माझ्या चष्म्यातला सिलिंड्रिकल नंबर या आकड्यांशी जुळत नव्हता. मला वाटलं मशीन चुकलं. तसं नव्हतं. चष्म्याच्या नंबरात कॉर्निया आणि आतलं गढूळ झालेलं भिंग, दोघांचाही वाटा असतो. ऑपरेशनमध्ये भिंग निघून जातं, त्याच्यासोबत त्याचा वाटाही जातो. मागे उरतो कॉर्नियाचा. त्यामुळे चीर आणि लेन्स ठरवताना जुन्या चष्म्याचा नंबर धरून चालत नाही. माझे डोळे कोरडे पडत असल्यामुळे पहिल्या मोजणीचे आकडे दर वेळी थोडे हलत होते. म्हणून काही दिवस कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स घालायला लावून मोजणी पुन्हा केली. कंटाळा आला, पण पुढचं सगळं गणित याच आकड्यांवर असतं.

आता चिरेचं. कॉर्नियाला जिथे छेद द्याल त्या रेषेतला बाक थोडा कमी होतो, आणि तिच्या काटकोनातल्या रेषेतला थोडा वाढतो. एवढं एक लक्षात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तरुणपणी बहुतेकांचा उभा बाक जास्त असतो. वय वाढतं तसा तो आडवा होत जातो, माझ्यासारखा. कानशिलाच्या बाजूने दिलेली चीर आडव्या रेषेत पडते, म्हणजे नेमका माझा जास्तीचा बाक खाली आणते. तीच वरून, भुवईकडून दिली असती तर उभी रेषा आणखी चपटी होऊन माझा नंबर वाढला असता. ज्यांचा उभा बाक जास्त त्यांच्यासाठी हिशेब उलटा, त्यांना वरची चीर फायद्याची.

वरच्या चिरेचा परिणाम मुळात जरा जास्तच होतो. कॉर्निया पूर्ण गोल नसतो. उंचीपेक्षा रुंदीला साधारण एक मिलिमीटर जास्त भरतो. त्यामुळे वरची चीर नजरेच्या मध्याच्या जास्त जवळ येते, शिवाय तिच्यावर पापणीचा दाबही पडत राहतो. माझ्या आईचं ऑपरेशन जुन्या पद्धतीचं: वरून 10-12 मिलिमीटरची मोठी चीर, आणि मग टाके. टाका घट्ट बसला की त्या रेषेतला बाक उलट वाढतो. तिचा सिलिंड्रिकल नंबर बराच आला होता, आणि पुढे एक टाका काढल्यावर तो उतरला. तेव्हा घरात हा चमत्कार वाटला होता.

माझी चीर 2.4 मिलिमीटरची, बिनटाक्याची. एवढ्याशा चिरेने किती फरक पडणार? डॉक्टर म्हणाल्या, साधारण पाव ते अर्धा डायॉप्टर. मग चीर जरा मोठीच करा की, सगळा नंबर जाईल, असं मी म्हटलं. त्या हसल्या. चीर वाढवली की परिणाम वाढतो हे खरं, पण प्रत्येकाची जखम आपापल्या परीने भरते, त्यामुळे किती वाढेल याचा भरवसा कमी होतो; वर गळतीचा आणि जंतुसंसर्गाचा धोका. मुद्दाम जादा छेद देऊन नंबर उतरवण्याची पद्धतही आहे, पण त्यातही हाच अडसर. म्हणून थोडा नंबर चिरेवर भागवायचा आणि मोठ्या नंबराला टोरिक लेन्स, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर घालूनच बनवलेली लेन्स, असं त्यांचं धोरण. मला ते पटलं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. आपल्या चिरेने सरासरी किती बाक बदलतो, हा आकडा त्यांनी स्वतःच्या जुन्या पेशंटांच्या नोंदींवरून काढलेला होता, आणि लेन्सच्या गणितात त्या तोच घालत होत्या. हात बदलला की आकडाही बदलतो.

उजवा डोळा आधी झाला. डॉक्टर डोक्याशी न बसता उजव्या कानाच्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. ड्रॉप्सची भूल, प्रखर उजेड, पाण्याचा गारवा, बस. नंतर थोडे दिवस बाहेरच्या कोपऱ्यात कुसळ गेल्यासारखं टोचायचं.

डाव्या डोळ्याची तयारी वेगळी होती. आडवं होण्याआधी मला ताठ बसवून, समोर लांब बघायला सांगून, बुबुळाच्या कडेला शाईने बारीक खुणा केल्या. आडवं झालं की डोळा खोबणीतल्या खोबणीत काही अंश फिरतो, आणि टोरिक लेन्स ठरलेल्या अक्षावरच बसावी लागते. लेन्स एक अंश सरकली की तिचा सुमारे 3.3 टक्के परिणाम जातो. 30 अंश सरकली तर काहीच उरत नाही. मला मान हलवायचीसुद्धा भीती वाटत होती. चीर याही डोळ्याला कानशिलाकडूनच. तिच्यामुळे जो फरक पडणार तो आधीच वजा करून लेन्स मागवली होती. दुसऱ्या दिवशी बाहुली मोठी करून लेन्सवरच्या खुणा तपासल्या. अगदी थोडी फिरली होती, पुन्हा हात लावण्याइतकी नाही.

चष्म्याचा नंबर लगेच काढत नाहीत; जखम भरून बाक स्थिरावायला महिना-दीड महिना देतात. उजव्या डोळ्यात अर्धा सिलिंड्रिकल राहिला, डाव्यात पाव. म्हणजे ज्या डोळ्याचा मूळ नंबर जास्त तोच आता जास्त स्वच्छ. उजव्याने एकट्याने बघितलं तर लांबच्या खांबाला एक फिकट दुसरी कड दिसते, दोन्ही उघडे असले की ती जाणवत नाही. वाचायला चष्मा लागतोच. दोन्ही लेन्स लांबच्या नजरेच्या आहेत, तो लागणारच होता.

हल्ली नात्यात कुणाचं ऑपरेशन ठरलं की मला फोन येतो, कुठली लेन्स घेऊ म्हणून. मी म्हणते, आधी केरॅटोमेट्रीच्या कागदाचा फोटो पाठवा.